डबा आतच राहिला : जामिनावर सुटलेल्या एचआयव्हीबाधित बंद्याचे पहिले चार महिने

या प्रकरणातला माणूस कुणी एक नाही. कारागृहातून सुटणाऱ्या एचआयव्हीबाधितांच्या बाबतीत जे पुन्हा पुन्हा घडतं, ते एकाच माणसाच्या वाटेवर ठेवून इथे मांडलं आहे. त्याचं वय, घटनांचा क्रम आणि तपासण्यांचे आकडे नमुन्यादाखल आहेत. औषधं, मात्रा, कायदे आणि योजना मात्र आहेत तशाच दिल्या आहेत.

माणूस आणि त्याचा आजार

वय ३४. गाव बीड जिल्ह्यात, केज-धारूरच्या बाजूला. घरी आई, पत्नी, पाच वर्षांची मुलगी आणि धाकटा भाऊ. तो भिवंडीच्या गोदामात हमाली करायचा. चोरीच्या गुन्ह्यात अटक झाली आणि पुढचे १४ महिने मुंबईजवळच्या एका मध्यवर्ती कारागृहात न्यायाधीन बंदी म्हणून गेले. बराकीतल्या भाषेत, कच्चा कैदी.

आमद, म्हणजे कारागृहात दाखला, झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात तपासणी शिबिरात रक्त दिलं. ते रिअॅक्टिव्ह आलं. आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात, वेगवेगळ्या तीन चाचण्यांनी निदान पक्कं झालं. सीडीफोर, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पेशींची मोजणी, २४०. वजन ५१ किलो. खोकला, ताप, वजनातली घट आणि रात्रीचा घाम या चार लक्षणांची विचारणा केली, त्यात टीबीचा संशय आला नाही. टीएलडी सुरू झाली. टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम अशी तीन औषधांची एक गोळी, रोज एकदा. सीडीफोर ३५० च्या खाली म्हणून इतर जंतुसंसर्ग टाळणारं कोट्रायमॉक्साझोल जोडलं आणि टीबी होऊ नये म्हणून सहा महिने आयसोनियाझिड दिलं. सहाव्या महिन्यात व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, मोजता येण्याच्या खाली आला, वजन ५८ झालं.

कागदावर हे उत्तम प्रकरण होतं. तेराव्या महिन्यापर्यंत एकही गोळी चुकलेली नव्हती. पण ती चुकू न देणारा तो नव्हता. रोज सकाळी दवाखान्यातून गोळी त्याच्या हातावर यायची, समोर पाणी प्यायला लावलं जायचं. डबा दवाखान्याच्या कपाटात असायचा. गोळीचं नाव त्याला माहीत नव्हतं, डब्यात किती उरल्या हे त्याने कधी पाहिलं नव्हतं, आपला एआरटी (एचआयव्हीवरचे औषधोपचार) क्रमांक काय हेही त्याला सांगता आलं नसतं. आतला चांगला व्हायरल लोड हे कारागृहाच्या शिस्तीचं फळ आहे. माणूस बाहेर स्वतः गोळी घेईल की नाही, हे त्यावरून कळत नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली की पुढचं सगळं चुकत जातं, आणि ती गल्लत फार ठिकाणी होते.

सुटकेचा दिवस

सत्र न्यायालयाने गुरुवारी जामीन मंजूर केला. रोख १५,००० रुपये भरायचे आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी भिवंडीतल्या पोलीस ठाण्यात हजेरी लावायची. पैसे जमवायला भावाला नऊ दिवस लागले. दुसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी दुपारी सुटकेचा आदेश कारागृहात पोचला, संध्याकाळी सहाच्या सुमारास नाव पुकारलं गेलं. अंगठा, ओळख पटवणं, खाजगी सामान परत, आणि गेट. दवाखान्याचा फार्मासिस्ट तोवर घरी गेलेला. कपाटाला कुलूप. कपाटात त्याचा डबा, त्यात ११ गोळ्या, आणि डब्याखाली त्याचं ग्रीन बुक, म्हणजे रुग्णाने जवळ ठेवायची उपचारांची वही.

तो एका प्लास्टिकच्या पिशवीत कपड्यांचे दोन जोड घेऊन बाहेर आला आणि भावाबरोबर रात्रीच्या गाडीने गावी गेला. पुढचे २३ दिवस एकही गोळी पोटात गेली नाही.

पुढे समुपदेशकाने कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला, “डबा आतच राहिला, ताई. परत गेटवर जाऊन मागायची हिंमत झाली नाही.” या उत्तराला निष्काळजीपणा म्हणून चालणार नाही. काल ज्या दारातून सुटलो, त्या दारावर जाऊन आपल्या आजाराचं नाव घेऊन डबा मागायचा, हे कुणाच्याही आवाक्यातलं काम नाही.

चूक नेमकी कुठे झाली

सहज सुचणारं उत्तर असं की सुटकेच्या वेळी फार्मासिस्ट हवा होता. ते अर्धंच खरं आहे. जामीन मंजूर झाल्यापासून सुटकेपर्यंत नऊ दिवस हातात होते. त्या नऊ दिवसांत दवाखान्याला जामिनाची बातमीच मिळाली नाही. ती आली कारागृहाच्या न्यायिक शाखेत आणि तिथेच राहिली. या दोन टेबलांमध्ये कागद फिरत नव्हता.

न्यायाधीन बंद्याची अडचण शिक्षा झालेल्या बंद्यापेक्षा वेगळी आहे. सिद्धदोष बंद्याच्या सुटकेची तारीख माहीत असते, तीन महिने आधी तयारी सुरू करता येते. न्यायाधीन बंद्याला तारीखच नसते. आज जामीन, उद्या बाहेर. आणि भारतातल्या कारागृहांत बहुसंख्य तेच आहेत. २०२२ च्या अखेरीस देशातल्या ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन होते, म्हणजे दर चारांत तीन. ‘सुटकेआधी महिनाभर समुपदेशन’ अशी मार्गदर्शक वाक्यं त्यांच्या बाबतीत पाळताच येत नाहीत. त्यांच्या सुटकेची तयारी पहिली गोळी सुरू होते त्याच दिवशी सुरू व्हायला हवी. या प्रकरणातून काढायची गोष्ट ही, बाकी सगळं तिच्या पोटात येतं.

हा प्रश्न आपल्याकडचाच नाही. अमेरिकेत टेक्सास राज्यात २००४ ते २००७ या काळात सुटलेल्या, एआरटी चालू असलेल्या २,११५ बंद्यांचा अभ्यास झाला. त्यांना जाताना १० दिवसांची औषधं दिली जात. त्या १० दिवसांत, म्हणजे खंड न पडता, पुढची औषधं घेणारे निघाले ५.४ टक्के. ६० दिवसांनंतरही आकडा ३० टक्क्यांपर्यंतच गेला. ज्यांना बाहेरच्या औषध योजनेचा अर्ज भरायला सुटकेआधी कुणी मदत केली, त्यांचं प्रमाण मात्र बरंच चांगलं होतं. गोळ्या हातात देणं पुरत नाही. पुढच्या दाराचा कागद आधीच भरलेला लागतो.

तो सापडला कसा

एआरटी केंद्राच्या यादीत त्याची तारीख उलटली. केंद्राने नोंदलेल्या मोबाइलवर फोन लावला, तो बंद. तो मोबाइल अटकेच्या दिवशीच जप्त झाला होता आणि मुद्देमालात पडून होता. कारागृहातल्या रुग्णांच्या बाबतीत हे हमखास घडतं. आमद होताना माणूस आपला जुना नंबर सांगतो, तोच कार्डावर चढतो, आणि त्या फोनला उत्तर देणारं कुणी नसतं.

इथे एका छोट्या नोंदीने काम केलं. उपचार सुरू करताना समुपदेशकाने व्हाइट कार्डाच्या (केंद्रात राहणाऱ्या रुग्णाच्या नोंदीच्या) कडेला पेन्सिलीने भावाचा नंबर लिहून ठेवला होता आणि पुढे लिहिलं होतं, ‘भावाला आजार माहीत नाही.’ हे शेवटचं वाक्य नंबराइतकंच महत्त्वाचं. त्यामुळे फोन करणाऱ्याने एवढंच सांगितलं : “दवाखान्यातून बोलतोय, त्यांची एक तपासणी राहिली आहे, या नंबरवर फोन करायला सांगा.” एआरटी हा शब्द नाही, आजाराचं नाव नाही. दुसऱ्या दिवशी त्याने फोन केला.

प्रत्येक बंद्याच्या कार्डावर दोन नंबर हवेत, एक गावाकडचा आणि एक शहरातला, आणि प्रत्येकापुढे त्या माणसाला काय माहीत आहे आणि काय नाही याची नोंद. ही चौकशी दर तीन महिन्यांनी पुन्हा करायची, कारण नात्यातले नंबर बदलतात आणि काही वेळा नातीही.

पुन्हा सुरुवात

गावाहून सर्वांत जवळचं एआरटी केंद्र अंबाजोगाईला. ट्रान्सफरचा कागद नाही, ग्रीन बुक नाही. अशा वेळी ‘आधी कागद आणा’ म्हणून माणसाला परत पाठवलं की तो पुन्हा येत नाही. इथे जुन्या केंद्राशी फोनवर बोलून एआरटी क्रमांक, औषध आणि शेवटचा व्हायरल लोड विचारून घेतला, आणि गोळी त्याच दिवशी दिली. ट्रान्सफरची नोंद नंतर झाली.

खंडानंतर टीएलडी पुन्हा सुरू करताना मात्रा हळूहळू वाढवायची नसते, पूर्ण गोळीच द्यायची. टीबीच्या चार लक्षणांची विचारणा पुन्हा करायची. सीडीफोर पाहायचा, आणि तो २०० च्या खाली गेला असेल तर क्रिप्टोकॉकस या मेंदूपर्यंत पोचणाऱ्या बुरशीची तपासणीही. या माणसाचा ३१० आला. कोट्रायमॉक्साझोलही २३ दिवस बंद होतं, तेही पुन्हा सुरू केलं. हिपॅटायटिस बी आहे का, हे अशा प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत बघावंच. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन ही दोन्ही औषधं त्या विषाणूवरही काम करतात, त्यामुळे ती अचानक थांबली की यकृताला जोराची सूज येऊ शकते. त्याचा अहवाल निगेटिव्ह होता.

२३ दिवसांत विषाणू परत वर आला असणार, कारण बहुतेकांमध्ये दोन ते चार आठवड्यांत तो वाढतो. डोल्युटेग्रॅव्हिरला विषाणू सहजासहजी दाद देणं थांबवत नाही, हा या औषधाचा मोठा आधार. म्हणून औषध बदललं नाही. व्हायरल लोड मात्र लगेच न घेता तीन महिने गोळ्या नीट गेल्यावर घ्यायचं ठरलं. त्या दिवशी घेतला असता तर खंडाचाच आकडा दिसला असता आणि त्यावरून ठरवण्यासारखं काही नव्हतं.

त्याला सांगितलेल्या गोष्टी मोजक्या होत्या, पण रोजच्या जगण्यातल्या. आम्लपित्ताची गोळी, लोह किंवा कॅल्शियम घ्यायचं असेल तर त्याआधी दोन तास किंवा त्यानंतर सहा तासांनी टीएलडी घ्यावी, नाहीतर डोल्युटेग्रॅव्हिर पोटात नीट शोषलं जात नाही. आणि दारू. त्याने अगदी दबक्या आवाजात विचारलं की प्यायल्यावर गोळी घेतली तर विष होतं का. हा समज इतका पसरलेला आहे की पिणारी माणसं पिण्याच्या दिवशी ठरवून गोळी चुकवतात आणि त्याला काळजी घेणं समजतात. त्याला स्पष्ट सांगितलं : दारू सोडायला मदत मिळेल, पण प्यायला असलास तरी गोळी चुकवायची नाही.

गर्द ओढणाऱ्या किंवा टोचणाऱ्या बंद्याच्या बाबतीत याच जागी आणखी एक बोलणं फार गरजेचं आहे. आत असताना शरीराची सवय मोडते. बाहेर येऊन जुन्याच प्रमाणात नशा केली तर श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो. सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे सर्वांत धोक्याचे. अशा माणसाला ब्युप्रेनॉर्फिन हे नशेची ओढ आवरणारं औषध देणाऱ्या केंद्राचा पत्ता गेटबाहेर पडण्याआधीच हातात हवा.

पत्नीशी बोलणं

त्याने घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुरुंगात होता हे गावाला माहीत, त्यावर अजून हे कुठे सांगू, असं त्याचं म्हणणं. ते बोलणं कापून काढायचं नसतं. गावात तुरुंगाचा डाग एकदाच बसतो आणि लोक हळूहळू विसरतात. आजाराचं नाव मात्र मुलीच्या लग्नापर्यंत मागे येतं, ही भीती त्याला होती आणि ती उगीच नव्हती.

पण पत्नीला धोका होता. २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्यानुसार जोडीदाराला सांगण्याचा मार्ग आहे. आधी त्या माणसाचं समुपदेशन करायचं, त्याने स्वतः सांगावं यासाठी वेळ द्यायचा, आणि तरीही तो सांगत नसेल व जोडीदाराला खरा धोका असेल, तर त्याला तशी कल्पना देऊन डॉक्टर किंवा समुपदेशक सांगू शकतो, तेही समोरासमोर. इथे ती वेळ आली नाही. दुसऱ्या भेटीला तो पत्नीला घेऊन आला आणि समुपदेशकाच्या खोलीत त्यानेच सांगितलं.

ती बराच वेळ गप्प बसली. मग तिने विचारलं, “हे तुरुंगात लागलं का?” या प्रश्नाचं सोयीचं उत्तर द्यायचा मोह समुपदेशकाला होतो, तो आवरायला हवा. तिसऱ्या आठवड्यातच सीडीफोर २४० होता, त्यावरून संसर्ग बहुधा जुना असावा एवढंच म्हणता येतं. केव्हा आणि कुणाकडून, हे कोणतीही तपासणी सांगत नाही. तसंच तिला सांगितलं.

तिची तपासणी निगेटिव्ह आली. इथे एक बारकावा सुटू नये. अटकेपूर्वीच्या संबंधांना १४ महिने उलटलेले असल्याने त्या काळापुरता हा निकाल अंतिम होता. पण सुटकेनंतरच्या २३ दिवसांत, त्याची गोळी बंद असताना, संबंध आले होते. त्यासाठी तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी आणि तोवर निरोध. शेवटचा संबंध ७२ तासांच्या आतला असता तर तिला प्रतिबंधक औषधं लगेच सुरू करता आली असती. तो आठवड्यापूर्वीचा होता. आईचीच तपासणी निगेटिव्ह असल्याने मुलीची करावी लागली नाही.

सासूला सांगायचं नाही, हे दोघांनी मिळून ठरवलं. ती सूचना कार्डावर चढली.

हजेरी की गोळी

आता दुसरी गाठ. जामिनाची अट होती भिवंडीत हजेरीची. राहणं, खाणं आणि उपचार बीड जिल्ह्यात. महिन्याला एकदा जाऊन-येऊन आठशे-नऊशे किलोमीटर, दोन मजुरी बुडणार, भाडं वेगळं. असा माणूस तीन-चार महिने पाळतो, मग एक हजेरी चुकते, मग वॉरंट निघतं आणि तो पुन्हा आत. कारागृह आणि बाहेर यांच्यातली ही फेरी एआरटी मोडायला फार कारणीभूत ठरते.

एक विचार असा होता की दर महिन्याला भिवंडीला जावंच लागतं, तर गोळ्याही ठाणे शहरातल्या केंद्रातूनच घ्याव्यात. वरवर सोयीचं दिसतं, पण ते चुकलं असतं. माणूस आजारी पडतो तो घरी. ताप आला, अंगावर पुरळ उठलं, खोकला लागला, तर तो ज्या दवाखान्यात जाणार तिथेच त्याचं कार्ड हवं. म्हणून एआरटी अंबाजोगाईला आणली आणि अट बदलायची खटपट सुरू केली.

त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलामार्फत सत्र न्यायालयात अर्ज गेला : हजेरी गावाजवळच्या पोलीस ठाण्यात लावू द्यावी, कारण कायमचा पत्ता, कुटुंब आणि नियमित उपचार तिकडे आहेत. जोडायच्या वैद्यकीय दाखल्यात खबरदारी घेतली. एआरटी केंद्राच्या शिक्क्याचा दाखला फायलीत लागला की कारकुनापासून पोलीस पाटलापर्यंत सगळ्यांना कळतं. दाखला रुग्णालयाच्या साध्या लेटरहेडवर घेतला, त्यावर ‘दीर्घ मुदतीचे नियमित औषधोपचार चालू आहेत’ एवढंच. न्यायालयाने जास्त विचारलं असतं तर ओळख झाकून कामकाज चालवावं, अशी विनंती करण्याची सोय २०१७ च्या कायद्यात आहे. तिची गरज पडली नाही. दीड महिन्यात अट बदलली. तोवरच्या दोन हजेऱ्या मात्र त्याला भिवंडीला जाऊनच लावाव्या लागल्या, आणि दोन्ही वेळा खिशात दोन जास्तीच्या गोळ्या दिल्या होत्या, गाडी चुकली तर म्हणून.

१५,००० रुपये भावाने व्याजाने काढले होते. गरीब बंद्यांसाठी केंद्राची २०२३ पासूनची योजना आहे. तीत न्यायाधीन बंद्याच्या जामिनासाठी मदत मिळू शकते, २०२३ च्या नियमांत ती ४०,००० रुपयांपर्यंत होती. अमली पदार्थ, मनी लाँडरिंग, भ्रष्टाचार प्रतिबंध आणि यूएपीए (बेकायदा कृत्य प्रतिबंध) या कायद्यांखालचे गुन्हे तीत बसत नाहीत. या माणसाचा गुन्हा बसत होता, पण अर्ज करायचं कुणाला सुचलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं आहे की जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवावं. त्या एका पत्रात दोन्ही गोष्टी झाल्या असत्या : पैशाची मदत आणि दवाखान्याला सूचना.

आत काय बदलायला हवं

पहिलं आणि सर्वांत स्वस्त काम म्हणजे जामीन मंजूर झालेल्यांची यादी रोज दुपारी न्यायिक शाखेकडून दवाखान्यात जावी. सगळ्या बंद्यांची. उलट दिशेने, म्हणजे एचआयव्हीबाधितांची यादी कार्यालयात, कधीही जाऊ नये. तो कायद्याने गोपनीयतेचा भंग आहे, आणि अशी यादी टेबलावर पडली की संध्याकाळपर्यंत बराकीत पोचते. दवाखान्याने आलेली नावं आपल्या नोंदवहीशी ताडून पाहावीत.

दुसरं, पिशवी. खाकी कागदाची साधी पिशवी, नाव आणि बंदी क्रमांक लिहून, गेटजवळच्या कपाटात. रक्तदाब, साखर, टीबी, फिट्स, मानसिक आजार, सगळ्यांची पिशवी एकसारखी, म्हणजे पिशवीवरून आजार ओळखता येत नाही. एआरटीच्या पिशवीत किमान ३० गोळ्यांचा न उघडलेला एक डबा असावा. ज्याचा व्हायरल लोड स्थिर आहे त्याला तीन महिन्यांची औषधं एकदम देण्याची पद्धत एआरटी केंद्रांत आहेच, तेव्हा ९० गोळ्या ठेवाव्यात. सोबत ग्रीन बुक, ट्रान्सफरचा भरलेला कागद, शेवटच्या व्हायरल लोडची आणि टीबी तपासणीची प्रत, गावाजवळच्या केंद्राचा पत्ता, वार आणि वेळ, आणि १०९७ हा हेल्पलाइनचा नंबर. फार्मासिस्ट नसला तरी गेटवरचा कर्मचारी सही घेऊन ती देऊ शकतो. दर महिन्याला पिशवीतला डबा बदलायचा, म्हणजे मुदत संपत नाही.

तिसरं, सवय. व्हायरल लोड खाली आल्यावर वैद्यकीय अधिकाऱ्याच्या परवानगीने आठवड्याच्या सात गोळ्या बंद्याच्या हातात द्याव्यात आणि आठव्या दिवशी रिकामी डबी बघावी. सुरुवातीला एखादी चुकते. ती आत चुकलेली बरी. गोळीचं नाव, ती कशासाठी, चुकली तर काय करायचं, हे त्याच्या तोंडून वदवून घ्यावं. चुकली असेल तर आठवण होताच घ्यायची, दुसऱ्या दिवशी दोन एकदम घ्यायच्या नाहीत.

न्यायालयाच्या तारखेच्या दिवशी गाडी सकाळी निघते आणि संध्याकाळी परत येते, तेव्हा गोळी आदल्या रात्रीच देऊन ठेवावी. व्हायरल लोडसाठी रुग्णालयात न्यायचं तर पोलीस गार्ड लागते, आणि ती न मिळाल्याने तारखा बुडतात. म्हणून रक्त कारागृहातच घेऊन नमुना पाठवण्याची व्यवस्था जास्त टिकते. एका कारागृहातून दुसरीकडे वर्ग करताना डबा आणि ग्रीन बुक बंद्याबरोबर त्याच गाडीत गेले पाहिजेत. हे शेवटचं बहुतेक वेळा विसरलं जातं.

हे सगळं कुणाच्या मर्जीवर नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्याच्या कलम ३१ नुसार राज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीत असलेल्या प्रत्येक माणसाला एचआयव्हीचं समुपदेशन, तपासणी आणि उपचार मिळण्याचा हक्क आहे.

पोट आणि कोयता

गोळी चालू राहायला घरात धान्य लागतं. रेशन कार्डावरच्या प्रत्येकाची ई-केवायसी मागितली जाते, आत असलेल्या माणसाची राहून जाते. पहिल्या आठवड्यात तेच काम उरकलं. संजय गांधी निराधार योजनेत एचआयव्हीबाधितही बसतात, महिना १,५०० रुपये मिळतात, पण उत्पन्नाची अट आहे आणि अर्ज तहसीलमधून फिरतो. आजाराचा दाखला कोणकोणत्या टेबलावरून जाईल हे त्याला नीट सांगितलं. त्याने ‘आत्ता नको’ म्हटलं, ते मान्य केलं. एसटीच्या सवलतीचंही तसंच झालं : आपल्याच गावच्या गाडीत कंडक्टरला तो कागद दाखवायला तो तयार नव्हता.

त्याला काम हवं होतं. तो आत असताना पत्नी दिराबरोबर ऊसतोडीला अर्धा कोयता (जोडीदाराविना एकटा तोडणारा) म्हणून गेली होती. आता जोडी होती, म्हणजे पूर्ण कोयता, आणि मुकादम उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, द्यायला दारात येत होते. कोल्हापूरकडच्या कारखान्याची उचल जास्त होती. पण हजेरी महिन्याला गावाजवळ, गोळ्या अंबाजोगाईला, पत्नीची दुसरी तपासणी आणि त्याचा व्हायरल लोड दोन्ही डिसेंबरात. सगळं समोर मांडल्यावर दोघांनी जिल्ह्यातल्याच कारखान्याच्या फडावर (ऊसतोडीच्या शेतावर) जाणाऱ्या मुकादमाची उचल घेतली. हातात पैसे कमी आले. हा निर्णय त्यांचा होता आणि तो जड गेला, हेही नोंदवायला हवं.

दिवाळीनंतर टोळी निघाली तेव्हा ३०-३० गोळ्यांच्या तीन डब्यांपैकी उरलेले जवळ होते. फडावर त्यांची जागा नेमून दिली. गोळ्या कागदात बांधायच्या नाहीत, त्यांना दमट हवा बाधते. डब्यातली ओलावा शोषणारी पुडी फेकायची नाही. डबा खुळखुळतो आणि शेजारच्या कोपीत (झोपडीत) ऐकू जातो, म्हणून तोंडाशी स्वच्छ कापसाचा बोळा. चुलीपासून लांब, कोपीच्या बांबूला टांगलेल्या मुलीच्या कपड्यांच्या पिशवीत. वेळही बदलली. कारागृहात गोळी सकाळची होती, पण फडावर माणसं पहाटे चारला उठून कोयता घेतात आणि गाडी भरायला रात्री-अपरात्री हाक येते. रोज न चुकणारी वेळ एकच, संध्याकाळच्या भाकरीची. गोळी तिथे बांधली आणि आठवण करायचं काम पत्नीने स्वतःहून घेतलं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोघं अंबाजोगाईला आली. तिसऱ्या डब्यातल्या गोळ्या मोजल्या, हिशोबापेक्षा दोन जास्त उरल्या होत्या. एक भिवंडीच्या दुसऱ्या हजेरीच्या रात्री चुकलेली, दुसरी कुठली ते त्याला आठवेना. पत्नीची तपासणी पुन्हा निगेटिव्ह. त्याचा व्हायरल लोड मोजता येण्याच्या खाली. पुढच्या ९० गोळ्या त्याच दिवशी दिल्या आणि कार्डावर भावाच्या नंबराखाली, पत्नीच्या परवानगीने, तिचा नंबर लिहिला : ‘हिला सर्व माहीत आहे.’